छंदही विचारला पाहिजे : लाकूड कोरणाऱ्यांचे मनगट आणि आपली चिकित्सा

आपल्या बहुतेकांच्या रुग्णपत्रकावर नाव, वय व पत्ता यांच्याखाली 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. साठीच्या पुढचा रुग्ण समोर बसला की त्या रकान्यात आपण 'निवृत्त' असे लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. आम्हीही वर्षानुवर्षे हेच करीत आलो. या एका शब्दामुळे आमच्या एका रुग्णाच्या उजव्या हाताचे जे नुकसान झाले ते सांगावे आणि त्या निमित्ताने वैद्यबंधुभगिनींशी व औषधालये चालविणाऱ्या मित्रांशी थोडे स्पष्ट बोलावे, एवढाच या लेखनामागील हेतू आहे.

रुग्ण चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, वय ६४. उजव्या मनगटात वेदना, अंगठा व त्याच्या शेजारच्या दोन बोटांत मुंग्या, पहाटे तीनच्या सुमारास हात बधिर होऊन जाग येणे आणि हात झटकला की बरे वाटणे, अशा तक्रारी त्यांनी सांगितल्या. आम्ही नाडी पाहिली, कोष्ठ विचारला, जीभ पाहिली. उतारवय, त्यात वाताचे स्पष्ट लक्षण. विश्वाची असे निदान लिहून योगराज गुग्गुळ, दशमूलारिष्ट आणि बाहेरून महानारायण तेल अशी योजना केली. पंधरा दिवसांनी थोडे बरे वाटले, महिन्याने पुन्हा तसेच. तेल बदलले, मात्रा वाढविली, स्वेदन दिले. असे चार महिने गेले.

एके दिवशी सर कापडात गुंडाळून एक गणेशमूर्ती घेऊन आले. वीतभर उंचीची, शिवणीच्या लाकडात कोरलेली, सोंडेवरच्या सुरकुत्यांसकट. "डॉक्टर, ही तुमच्यासाठी. निवृत्त झाल्यापासून हाच उद्योग," असे म्हणून त्यांनी ती टेबलावर ठेवली. रोज किती वेळ बसता, असे विचारता पाच ते सहा तास असे उत्तर मिळाले. तीन वर्षे! त्या दिवशी आम्ही प्रथमच त्यांचे दोन्ही तळहात शेजारी ठेवून नीट पाहिले. उजव्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा डाव्याच्या मानाने उघड सपाट झाला होता.

शिवण म्हणजेच आपली गंभारी, दशमुळांतील एक. तिचे मूळ आम्ही चार महिने अरिष्टाच्या रूपाने त्यांना पाजत होतो आणि तिच्याच खोडावर रोज सहा तास त्यांचे मनगट झिजत होते. ही गंमत आम्हाला तेव्हा मुळीच गमतीची वाटली नाही.

मनगटाच्या तळहाताकडील बाजूस एक अरुंद बोगदा आहे. बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मोठा मज्जातंतू त्यातून तळहातात उतरतात. मनगट वाकवून, मूठ आवळून तासन् तास काम केले की कंडरांच्या आवरणास सूज येते, बोगदा भरतो आणि मज्जातंतू दाबला जातो. अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेची अर्धी बाजू एवढ्याच भागात मुंग्या येतात, करंगळी बहुधा सुटते. हे चित्र आधुनिक वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. आपल्यालाही ते पदवी अभ्यासक्रमात शिकविलेले असते. आम्ही ते शिकलो होतो व विसरलो होतो. विश्वाचीत बाहूच्या पाठीमागून बोटांकडे जाणाऱ्या कंडरांची दुष्टी आणि बाहूचा कर्मक्षय सांगितला आहे. हाताच्या प्रत्येक दुखण्यावर ते नाव चिकटविणे हा आपला आळस आहे, शास्त्राचा दोष नव्हे.

सरांना आम्ही मज्जातंतूंच्या विद्युत तपासणीसाठी पाठविले आणि पुढे त्यांची शस्त्रक्रिया झाली. रात्रीची जाग थांबली, मुंग्या गेल्या. अंगठ्याची चिमूट मात्र पूर्वीसारखी झाली नाही. बारीक कोरणी अजून त्यांच्या हातात टिकत नाही. चार महिने आधी आम्ही तळहात पाहिला असता तर हे टळले असते, असे ठामपणे म्हणवत नाही. पण वेळ हातात होता, एवढे खरे.

येथे काही वैद्यमित्र म्हणतील की, निदानपरिवर्जन करावयाचे तर कोरीवकामच सोडावयास सांगावे, म्हणजे प्रश्न मिटला. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. छंद सोडा असे सांगितले की रुग्ण मान डोलावतो आणि घरी जाऊन पटाशी हातात घेतो. पुढच्या खेपेस मात्र तो खरे सांगत नाही. शिवाय ज्याने उभे आयुष्य नोकरीत घालविले त्याला उतारवयात मन रमविण्यास काही मिळाले असेल, तर ते काढून घेण्यापूर्वी वैद्याने दहा वेळा विचार करावा. चरकाचार्यांनी कर्माचे अयोग, अतियोग व मिथ्यायोग असे भेद सांगितले, ते अशाच ठिकाणी उपयोगी पडावेत म्हणून. कोरणे हा हेतू नव्हे. सहा तास सलग कोरणे हा अतियोग आणि बोथट हत्याराने, वाकड्या मनगटाने कोरणे हा मिथ्यायोग. परिवर्जन करावयाचे ते यांचे.

यासाठी वैद्याला सुतारकी येण्याची गरज नाही, पण काही गोष्टी ठाऊक हव्यात. आम्ही त्या सरांच्याच कामाच्या टेबलाशी बसून शिकलो. पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट धार. पटाशी बोथट असली की ती लाकडात शिरत नाही, मग माणूस जोर लावतो, मूठ आवळतो, मनगट वळवितो. मऊ लाकडावर आडवा काप घेतला असता तो चकचकीत दिसला तर धार आहे; तंतू चुरगळलेले, पांढुरके दिसले तर नाही. सरांच्या अकरा हत्यारांपैकी दोनच धारदार निघाली. धारेच्या दगडावर रोज दहा मिनिटे घालविणे हे त्यांच्या हाताला आमच्या कोणत्याही गुग्गुळापेक्षा अधिक पथ्यकर ठरले असते, हे आम्ही लाजत का होईना, पण मान्य करतो.

दुसरी गोष्ट पकड. सर डाव्या हातात लाकूड धरून उजव्याने कोरीत. लाकूड टेबलावर शिकंज्यात घट्ट बसविले की दोन्ही हात हत्यारावर येतात, भार विभागतो आणि हत्यार निसटले तरी डावा हात त्याच्या वाटेत नसतो. उजखोऱ्या माणसाचा डावा हात दुखत असेल तर तो लाकूड हातात धरून कोरतो की काय, हे अवश्य विचारावे. हत्यारांच्या मुठी बारीक असतील तर त्यांवर सुती कापड किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून त्या जाड कराव्यात. जाड मूठ धरण्यास बोटे कमी आवळावी लागतात.

लाकडाची निवडही महत्त्वाची. पांगारा आणि शिवण मऊ, हाताला सोसणारी. शिसव व जुने वाळलेले सागवान नवशिक्याच्या मनगटाची परीक्षा पाहणारे. छंदी माणूस मात्र हटकून जुन्या वाड्याच्या तुळईचा सागवानी तुकडा मिळवून आणतो आणि अभिमानाने त्यावरच सुरुवात करतो. सावंतवाडीचे लाकडी खेळणी करणारे कारागीर घ्या. हात त्यांचेही दुखतात. पण हत्याराला धार लावणे आणि हात कसा ठेवावा हे ते घरातच लहानपणापासून पाहत असतात, आणि कापणे, घडविणे, रंगविणे अशी कामे आलटून पालटून येत असल्याने हातालाही पालट मिळतो. ते कर्म त्यांना ओकसात्म्य झालेले असते. साठाव्या वर्षी प्रथमच पटाशी हाती धरणाऱ्याला ही सवड मिळत नाही. त्याच्यासाठी पादांशिक क्रमच योग्य. आधी पाऊण तास, आठवडाभर त्रास नसेल तर थोडे अधिक. आणि व्यायामासाठी सांगितलेली अर्ध्या शक्तीची मर्यादा हातालाही लावावी. थकवा जाणवण्याआधी उठावे, वीस-पंचवीस मिनिटांनी हत्यार खाली ठेवून बोटे मोकळी करावीत.

एका सवयीविषयी मात्र कडक राहावे. मोगरी घेण्याचा कंटाळा करून पटाशीच्या मुठीवर तळहाताच्या करंगळीकडील टाचेने ठोके मारणारे अनेक आहेत. त्या जागी हातातील रक्तवाहिनी हाडाजवळून, वरवर जाते. वारंवार आघाताने ती दुखावते आणि करंगळी व अनामिका गार, पांढरी किंवा निळसर पडू लागतात. हा वातशूल समजून गरम शेक देत बसू नये. तो रुग्ण त्वरित रुग्णालयात पाठवावा.

आता आपल्या औषधांकडे वळू. सुश्रुताचार्यांनी मणिबंध हे रुजाकर मर्म सांगितले आणि त्याच्या आघाताने हाताला कुंठता येते असे म्हटले. स्नायू, संधी व अस्थी यांत गेलेल्या वातासाठी स्नेहन, उपनाह, अग्निकर्म, बंधन आणि उन्मर्दन असे उपक्रमही त्यांनी सांगून ठेवले. यांतील स्नेहन आपल्या अंगवळणी पडले आहे, अग्निकर्म अलीकडे पुन्हा जोमात आहे. मधल्या बंधनाकडे मात्र कोणी पाहत नाही. मनगट सरळ रेषेत ठेवणारा पट्टा रात्री झोपताना काही आठवडे बांधणे, हे मज्जातंतू दाबला गेलेल्या हातासाठी प्रारंभीच्या अवस्थेतले फार उपयुक्त साधन आहे. तो पट्टा 'ॲलोपॅथीचा' म्हणून आपण नाक मुरडतो. आमच्या मते तो शुद्ध सुश्रुतोक्त बंधन आहे आणि प्रत्येक औषधालयाने दोन-तीन मापांत ठेवावा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाहेरच्या कडेला दुखत असेल आणि अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकविताच कळ येत असेल, तर दुखणे अंगठ्याच्या कंडरांचे आहे. तेथे पट्टा अंगठ्यालाही आधार देणारा हवा. अशा सुजलेल्या जागी उन्मर्दनाच्या नावाखाली जोराने रगडणे हा निव्वळ अपचार होय. मणिबंधावर अग्निकर्म करण्याची घाई तर आम्ही मुळीच करणार नाही.

अभ्यंग जरूर करावा, पण रात्री. सकाळी तेल चोळून कोरीवकामास बसणाऱ्याची मूठ घसरते, तो ती अधिक आवळतो आणि कधी पटाशी हातात शिरते. हे आम्ही पाहिले आहे.

औषधालयांच्या मित्रांना एक विशेष विनंती. गल्ल्यावर 'दुखण्याचे जालीम तेल द्या' असे म्हणणाऱ्याच्या हाती विषगर्भ तेल देण्यापूर्वी त्याची बोटे पाहावीत. लाकूड कोरणाऱ्याच्या बोटांवर एखादी तरी ताजी चीर असतेच. या तेलात वत्सनाभ आहे. फाटलेल्या त्वचेवर ते लावणे धोक्याचे, आणि लावून झाल्यावर हात न धुता जेवणे त्याहून धोक्याचे. तीच गोष्ट महायोगराज गुग्गुळाची. नावात 'महा' आहे म्हणून योगराजापेक्षा चांगला, अशा समजुतीने लोक तो स्वतःच्या मनाने महिनोन् महिने घेतात. त्यात नागभस्मादी भस्मे व रससिंदूर असतात, हे गिऱ्हाइकास ठाऊक नसते. विक्रेत्यास ठाऊक असलेच पाहिजे. औषधे नियम १९४५ मधील ई-१ परिशिष्टातली द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते, ती काही शोभेसाठी नाही. अरिष्टे देताना मधुमेहाची चौकशी करावी, कारण त्यांत गूळ असतो. आणि मधुमेह किंवा थायरॉइडची न्यूनता असणाऱ्यांत मनगटातील मज्जातंतू दाबला जाण्याचा संभव मुळातच अधिक असतो. रात्री मुंग्यांनी जाग येते, वस्तू हातून निसटते, असे गिऱ्हाईक सांगू लागले की तेलाची बाटली विकण्याआधी त्याला वैद्याकडे धाडावे. एका बाटलीची विक्री बुडेल, हे आम्ही जाणतो.

सर आता मोगरी वापरतात, मोठ्या मुठीची तीन हत्यारेच ठेवतात आणि बारीक काम शेजारच्या एका मुलाकडून करवून घेतात. त्याला धार लावणे आधी शिकविले, असे त्यांनी आम्हाला मुद्दाम सांगितले. त्यांची गणेशमूर्ती आमच्या टेबलावर आहे. रुग्णपत्रकात 'व्यवसाय' याच्याखाली 'हातांनी रोज काय करता? किती वेळ?' अशी ओळ आम्ही घालून घेतली आहे. जुनी छापील पत्रके अजून शिल्लक आहेत. ती संपेपर्यंत त्या ओळीचा रबरी शिक्का करवून घेतला असून, नव्या रुग्णाचे पत्रक काढताना तो आधी मारला जातो.