आतून लागणारी कडी

कोल्हापूरजवळील गांधीनगरची कापडपेठ व्यापारी कुटुंबांना नवी नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी ती उभारली, हेही अनेकांस ठाऊक असते. मात्र त्यांच्यापूर्वी तेथील वळिवडे छावणीत पोलंडच्या निर्वासित स्त्रिया राहून गेल्या, हे क्वचितच सांगितले जाते. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील स्मृतिस्तंभ या पोलिश निर्वासितांचाच आहे.

१९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने या कुटुंबांना सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले होते. पुढे इराणमार्गे १९४३ पासून सुमारे ५,००० जण वळिवड्यास आले. त्यांत मुख्यतः स्त्रिया आणि मुले होती. कुटुंबांना वेगळ्या खोल्या मिळाल्या, रुग्णालय आणि शाळाही होत्या. १९४८ मध्ये छावणी बंद झाली.

घराला स्वतःचे दार असणे ही साधी बाब वाटते. पण निर्वासित स्त्रीचे आरोग्य तेथूनच सुरू होते. मदतकार्यासाठी जगभर मानल्या जाणाऱ्या स्फिअर निकषांत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक शौचालय, त्याला आतून कडी आणि वाटेवर उजेड अपेक्षित आहे. पुरुषांच्या एका शौचालयामागे स्त्रियांची तीन असावीत, असेही सुचवले आहे. अंधारात बाहेर जाण्याची धास्ती असलेली स्त्री सायंकाळपासून पाणी पिणेच टाळते. त्यातून मूत्रविकार जडतात, गर्भवतीस तर अधिक धोका. प्रसूतीही युद्ध थांबण्याची वाट पाहत नाही. साबण, स्वच्छ पाते, नाळ बांधण्याचा दोरा आणि अंथरायला प्लास्टिक एवढ्या स्वस्त साहित्याने जंतुसंसर्ग बराच टळतो.

हे साहित्य हाताळणार कोण? उत्तर जामखेडमध्येच आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका केले. त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या. डॉक्टरांपुढे न उघडणारे तोंड शेजारणीपुढे उघडते, हे आरोळे दांपत्याने ओळखले. २०१७ च्या ऑगस्टनंतर म्यानमारमधून ७ लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. तेथील छावण्यांतही अत्याचार सोसलेली स्त्री प्रथम आपल्यातल्याच बाईजवळ बोलते.

मदतफेरीच्या यादीत गहू, तांदूळ, ब्लँकेट यांची जागा ठरलेली असते. सॅनिटरी पॅड, विजेरी आणि कडी-कोयंडे कोणत्या खात्यावर टाकावेत, असा प्रश्न हिशेबनीसास पडू नये.