खिडकीतून काय दिसते, हे सर्वांत शेवटी

गेल्या महिन्यात आष्ट्यातील आमच्या दवाखान्यात एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या सौभाग्यवती आल्या. आजार नवा नव्हता. मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. सप्टेंबरात आईवडिलांना दहा दिवस पॅरिस, ॲमस्टरडॅम आणि व्हेनिस दाखवण्याचा त्याचा बेत आहे. प्रत्येक शहरातील एकेका हॉटेलाची छायाचित्रे त्याने मोबाइलवर पाठवली होती. ‘‘डॉक्टर, बघा की कसं हाय,’’ असे म्हणत अक्कांनी मोबाइल पुढे केला. ‘‘आमच्या लेखी हॉटेल म्हंजे च्या आन् भजी. ह्यातलं आमास्नी काय कळतंय?’’

छायाचित्रे देखणी होती. पांढऱ्याशुभ्र चादरी, पितळी दिवे, एका खिडकीतून कालवा, तर दुसरीतून घुमट. पलंगापासून संडासापर्यंतची वाट मात्र एकाही चित्रात नव्हती. गुरुजींचे वय चौऱ्याहत्तर, प्रोस्टेटसाठी गोळी चालू. अक्का सत्तरीच्या, गुडघे झिजलेले आणि पंधरा वर्षांचा मधुमेह, इन्सुलिनवर. या दोघांसाठी ती वाटच सर्वांत महत्त्वाची.

हे मी अनुभवाने शिकलो, आणि त्याची किंमत माझ्या आईने मोजली. काही वर्षांपूर्वी तिला युरोपातील एका शहरात नेले होते. नदीवरचा पूल दिसावा म्हणून खोली मी स्वतः हौसेने निवडली. दुसऱ्या दिवशी सकाळी टबातून बाहेर पडताना तिचा पाय काठाला अडला आणि ती पडली. मनगटाचे हाड मोडले. हाड जुळले, विम्याचे पैसेही मिळाले. पण त्यानंतर शेवटपर्यंत ती परक्या न्हाणीघरात कधी एकटी गेली नाही. डॉक्टर असूनही त्या खोलीला टब आहे की नुसता शॉवर, एवढे मी विचारले नव्हते.

म्हणून गुरुजींना म्हटले, हॉटेल नंतर पाहू, आधी घर मोजून आणा. अक्का न थांबता किती मिनिटे चालतात? कठड्याला धरून किती पायऱ्या चढतात? रात्री कोण किती वेळा उठते? अंघोळीला स्टूल लागते का? आठ दिवसांनी गुरुजींनी शाळेच्या शिस्तीत सारे वहीत लिहून आणले. अक्का आठ मिनिटांनी बसतात, बारा पायऱ्यांनंतर दम घेतात. रात्री दोघे मिळून पाच वेळा उठतात.

ही वही समोर ठेवून छायाचित्रे पाहिली आणि ॲमस्टरडॅमचे हॉटेल पहिल्या मिनिटातच गळाले. तेथील कालव्याकाठची जुनी घरे अरुंद आणि उंच असतात. त्यांचे जिने इतके उभे, की सामान वर ओढून घेण्यासाठी घराच्या माथ्यावर आकडा बसवलेला असतो. अशा घरांतील अनेक हॉटेलांना लिफ्ट नसते. पॅरिसच्या हॉटेलात लिफ्ट होती. पण जुन्या इमारतींत ती मागाहून, जिन्याच्या मधल्या पोकळीत बसवलेली असते. तिच्यात दोन माणसे उभी राहिली की बॅग बाहेर राहते. कधी लिफ्टपर्यंत पोहोचायलाच पाच-सहा पायऱ्या असतात, तर कधी ती दोन मजल्यांच्या मध्ये थांबते. तेव्हा ‘लिफ्ट आहे का’ एवढे विचारून भागत नाही. ‘रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत’, हा खरा प्रश्न. बार्सिलोनासारख्या शहरात तर जुन्या इमारतींत तळमजल्यावर आणखी दोन मजले निराळ्या नावांचे असतात आणि मग ‘पहिला’ मजला येतो. तेथे मजल्याच्या आकड्यावर विसंबू नये.

व्हेनिसच्या बाबतीत अक्का हटून बसल्या. पाण्यातले गाव त्यांना बघायचेच होते. ‘‘पाण्यातलं गाव २०१९ ला सांगलीत बघितलं की,’’ असे गुरुजी म्हणाले, तेव्हा अक्कांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यावरून व्हेनिस वगळता येणार नाही हे मला कळले. त्या शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेक पायऱ्यांचे. शहराच्या वेशीपलीकडे मोटार जात नाही. पुढे पायी चालायचे नाही तर बोटीने जायचे. म्हणून तेथे एकच नियम धरला: बोटीचा धक्का आणि हॉटेलाचे दार यांच्या मध्ये एकही पूल नको. मुलाने नकाशावर शोधून असे एक हॉटेल काढले. खिडकीतून समोरची भिंत दिसते, पण धक्का चार मिनिटांवर आहे.

‘स्थानकापासून पाच मिनिटे’ असे जाहिरातीत लिहिलेले असते, ती पाच मिनिटे तरुणाची असतात. त्यातच युरोपातील जुन्या पेठांमध्ये दगडी गोट्यांची फरसबंदी असते; तीवर काठी अडते आणि चाकांची बॅगही. पॅरिसची मेट्रो १९०० साली सुरू झाली, तिच्या बहुतेक जुन्या स्थानकांत लिफ्ट नाही. तेथे मेट्रोजवळच्या हॉटेलापेक्षा बसथांब्याजवळचे हॉटेल वृद्धांना सोयीचे, कारण शहरातील बसची पायरी बुटकी असते. याउलट व्हिएन्नाच्या मेट्रोत प्रत्येक स्थानकाला लिफ्ट आहे. शहर अजून ठरलेले नसेल, तर हेही विचारात घ्यावे.

पैसे कोठे वाचवावेत याबद्दल माझे मत अनेकांना पटत नाही. शहराबाहेर स्वस्त खोली घेऊन रोज आत जाणे तरुणांना परवडते. ज्येष्ठांना दुपारी परत येऊन तासभर आडवे होता आले पाहिजे. सार्वजनिक स्वच्छतागृहे तिकडे थोडी, बरीचशी पैसे देऊन वापरायची. ती सापडेपर्यंत गुरुजींना धीर धरवणार नाही. या भीतीने वृद्ध माणसे पाणी पिणे सोडतात आणि मग संध्याकाळी चक्कर येते. म्हणून दोन शहरे कमी पाहावीत, पण खोली मध्यवर्ती घ्यावी.

आता न्हाणीघर. आपण जमिनीवर पाणी सांडतच अंघोळ करतो, कारण आपल्या मोरीला उतार असतो. तिकडे अनेक ठिकाणी टबाबाहेरच्या फरशीला पाणी जायला वाटच नसते. सांडलेले पाणी तसेच राहते आणि पाय घसरतो. टबाचा काठ गुडघ्याहून उंच असू शकतो. झिजलेल्या वा बदललेल्या गुडघ्यांनी तो ओलांडणे म्हणजे एका पायावर, ओल्या फरशीवर, तोल सांभाळणे. म्हणून टब नको, सपाट जमिनीचा शॉवर हवा, असे स्पष्ट लिहून मागावे. बऱ्याच हॉटेलांत अपंगांसाठी एक-दोन खोल्या राखलेल्या असतात. भिंतीला धरायच्या दांड्या, बसायला आसन, रुंद दार. ‘आम्ही काही अपंग नाही’ म्हणून संकोचू नये. इटलीत शॉवरजवळ एक दोरी लोंबत असते. ती कपडे वाळवण्यासाठी नसते. ओढली की मदतीची घंटा वाजते.

रात्रीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. लघवीची गोळी किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्या घेणाऱ्यांचा रक्तदाब झटकन उठल्यावर खाली येतो. त्यात खोली अनोळखी आणि दिव्याचे बटण भलत्याच भिंतीला. उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसावे, मगच पाय टेकवावा. छोटा रात्रदिवा सोबत न्यावा. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची असते, फक्त खाच निराळी, तेव्हा जोडणीचा खटका घ्यावा. पलंगाची जी बाजू संडासाकडे, ती जास्त वेळा उठणाऱ्याची.

अक्कांच्या इन्सुलिनची मुलाला फार काळजी होती. वापरात असलेले पेन सहसा ३० अंशांखाली चार आठवड्यांच्या आसपास टिकते. आपल्या पेनसोबतचा कागद मात्र वाचावा. न उघडलेली पेने शीतकपाटात २ ते ८ अंशांत ठेवावीत. खोलीतील छोट्या शीतकपाटाच्या मागच्या भिंतीला ती टेकवू नयेत, गोठतात. आणि गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरू नये. विमानात ती हातातल्या पिशवीतच असावीत. खाण्याच्या वेळा अधिक अवघड. स्पेनमध्ये रात्रीचे जेवण आठ-नऊच्या आधी मिळणे कठीण; युरोपच्या मुख्य भूमीवर अनेक खोल्यांत पाणी तापवायची किटलीही नसते. स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे असे तेथे वाटते, पण तशा घरांत रात्री खाली कोणी नसते. रात्रभर माणूस हजर असलेले हॉटेल आणि खोलीत किटली, हा मला सुरक्षित मार्ग वाटतो.

युरोप म्हणजे थंडी, हा आपला आणखी एक समज. जुन्या हॉटेलांत वातानुकूलन नसणे नित्याचे आहे. ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५,००० अधिकचे मृत्यू झाले. त्यांत वृद्धांचाच भरणा होता. जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी वातानुकूलित खोलीच घ्यावी. मुलाने सप्टेंबर निवडला, ते योग्यच झाले.

व्हिसासाठी राहण्याच्या ठिकाणाचा पुरावा लागतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही. बुकिंग रद्द करता येईल असेच असावे, आणि विम्यात जुने आजार धरले आहेत का ते वाचावे. आपल्याकडे संकटात ११२ फिरवतो, तिकडेही ११२ च. हॉटेलाच्या पत्त्याची चिठ्ठी दोघांच्याही खिशात वेगवेगळी ठेवावी.

पॅरिसच्या हॉटेलाला मुलाने प्रश्न लिहून पाठवले. परवा उत्तर आले: लिफ्टच्या आधी चार पायऱ्या आहेत, कठडा उजवीकडे आहे, टब नाही. वहीतल्या बारापेक्षा चार कमी, म्हणून ते कायम केले. गुरुजींनी वहीत नवे पान उघडले आहे. अक्का रोज सकाळी चौंडेश्वरीच्या देवळाकडे चालत निघतात. काल त्या अकरा मिनिटांनी बसल्या.