नारा शहराची गाडी आणि पुढचे एक स्टेशन



कापूरहोळच्या फाट्यावर उभे राहिले की पुण्याची एसटी मिळते, साताऱ्याची मिळते, भोरची मिळते, नारायणपूरवरून सासवडलाही जाता येते. मिळत नाही ती फक्त रेल्वे. भोर आणि वेल्हे (आताचे राजगड) या दोन्ही तालुक्यांत रेल्वेचा रूळ नाही. पुणे–मिरज गाडी पुरंदरच्या पलीकडून जेजुरी, नीरा, लोणंद करीत साताऱ्याकडे निघून जाते. आपल्या भागातल्या माणसाची रेल्वेशी गाठ पडते ती बहुधा पुणे स्टेशनवर, दीक्षाभूमीला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना.

अशा भागातल्या वाचकांना जपानमधल्या रेल्वेची माहिती कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण सांगतो. पुण्यात जपानी भाषेचे वर्ग कित्येक वर्षे चालत आले आहेत. भारत आणि जपान यांच्यात २०१७ साली तांत्रिक प्रशिक्षणार्थींबद्दल आणि जानेवारी २०२१ मध्ये कुशल कामगारांबद्दल करार झाले. वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम, कारखाना अशा कामांसाठी आपली मुले-मुली तिकडे जाऊ शकतात. उद्या आपल्या घरातले कोणी गेले, तर पहिल्या मोठ्या सुट्टीत त्याने कोठे जावे? आमचे उत्तर आहे, नारा. मात्र नाऱ्याला जाऊन तिथेच थांबू नये, पुढचेही एक स्टेशन गाठावे. ते कोणते, हे ओघाने येईलच.

नारा ही इ. स. ७१० ते ७८४ या काळात जपानची राजधानी होती. तेथील तोदाइजी विहारात भगवान बुद्धांची सुमारे १५ मीटर उंचीची बैठी कांस्यमूर्ती आहे. सम्राट शोमू याने ती घडविली. तिचा नेत्रोन्मीलन विधी ७५२ साली झाला आणि तो करण्याचा मान मिळाला तो बोधिसेन या भारतीय भिक्खूला! बोधिसेन ७३६ साली समुद्रमार्गे जपानला पोहोचले होते. मूर्तीचे डोळे रंगविण्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हातात धरल्या होत्या. त्या पुण्यकर्मात सर्वांचा हात लागावा, हा त्यामागचा हेतू. पुढे आगी लागल्या, भूकंप झाले, मूर्तीचे भाग अनेकदा नव्याने ओतावे लागले. आज दिसतो तो लाकडी प्रासाद १७०९ साली पुरा झाला. तरीही १२७० वर्षांपूर्वी भारतातून गेलेल्या माणसाची आठवण तिथे जपलेली आहे.

आता वाट कशी, ते पाहू. जपानला जायचे ते विमानाने, टोकियोला किंवा ओसाकाला. टोकियोला काम करणाऱ्याने शिन्कान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन धरावी. ही गाडी १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली. सर्वांत वेगवान 'नोझोमी' गाडी टोकियोहून क्योतोला सुमारे सव्वादोन तासांत पोहोचविते. पुणे ते मुंबईला आपल्याला याहून जास्त वेळ लागतो, आणि हे अंतर तर पावणेपाचशे किलोमीटरचे आहे. भाडे मात्र १४ हजार येनच्या आसपास पडते. अलीकडच्या दराने १०० येनचे आपले पन्नास-साठ रुपये होतात, तेव्हा हिशेब ज्याचा त्याने करावा. पैसे वाचवायचे असतील तर रात्रीच्या बसगाड्या आहेत. त्या स्वस्त पडतात.

इथे एक सावधगिरीची सूचना. परदेशी लोकांसाठी 'जपान रेल पास' मिळतो, असे कोणीतरी सांगेल. तो थोड्या दिवसांच्या पाहुण्यांसाठी आहे. कामाच्या व्हिसावर राहणाऱ्याला तो वापरता येत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२३ पासून सात दिवसांच्या साध्या पासाची किंमत ५० हजार येन झाली आहे. आपल्याला साधे तिकीटच बरे.

क्योतोहून नाऱ्याला जाण्यास दोन कंपन्यांच्या गाड्या आहेत. एक जे.आर., म्हणजे पूर्वीच्या सरकारी रेल्वेची वारस, आणि दुसरी खासगी किन्तेत्सु. दोन्हींचे साधे भाडे साधारण ७०० ते ८०० येन आणि वेळ पाऊण तास. किन्तेत्सुची 'लिमिटेड एक्स्प्रेस' पस्तीस मिनिटांत नेते, पण तिला वेगळे जादा तिकीट लागते. नुसत्या 'एक्स्प्रेस'ला जादा पैसे पडत नाहीत. नावे सारखी वाटली तरी हा फरक ध्यानात ठेवावा. ओसाकाहून यायचे तर नाम्बा स्टेशनवरून किन्तेत्सुने सुमारे चाळीस मिनिटे लागतात. तेन्नोजीवरून जे.आर.ची जलद गाडीही आहे.

आमचे मत विचाराल तर जाताना किन्तेत्सु धरावी. यामातो-साइदाइजी हे जंक्शन मागे पडले की गाडी चक्क जुन्या राजवाड्याच्या जागेतून जाते. दोन्ही बाजूंना मोकळे माळ आणि त्यांत १९९८ साली पुन्हा उभारलेला लाल खांबांचा सुझाकु दरवाजा व २०१० साली उभारलेला दरबाराचा महाल दिसतो. खिडकीतून बाराशे वर्षांपूर्वीची राजधानी पाहायची, तीही साध्या तिकिटात! क्योतोहून येणारी प्रत्येक गाडी सरळ नाऱ्याला जात नाही. काही वेळा साइदाइजीला बदलावी लागते. किन्तेत्सुचे नारा स्टेशन तोदाइजीला जवळ, पायी वीसेक मिनिटे. जे.आर.चे स्टेशन थोडे लांब आहे.

वाटेत नारा पार्क लागते. तिथे हजारावर हरणे मोकळी फिरतात आणि माणसाच्या हातचे खास बिस्कीट खातात. लहान मुलांना फार गंमत वाटते. आपल्याला सारनाथचे मृगदाय आठवेल, पण ही हरणे तेथील कासुगा देवस्थानाची मानली जातात, हे माहीत असावे.

तिकडच्या स्टेशनात घाबरण्यासारखे काही नाही. पाट्यांवर इंग्रजी अक्षरेही असतात. फलाटावर खुणा केलेल्या असतात, तिथे रांग लावायची. आतल्यांना उतरू द्यायचे आणि मग चढायचे. डब्यात फोनवर बोलायचे नाही. पैसे भरून ठेवलेले कार्ड यंत्राला टेकविले की फाटक उघडते. तिकीट कमी पैशांचे निघाले तरी फाटकाजवळ उरलेले भाडे भरण्याचे यंत्र असते. फरक भरला की झाले, दंड नाही, टी.सी.ची बोलणी नाहीत. आणि तुम्ही कोण, कोणाचे, कोणत्या आळीतले, असे फाटक कोणालाच विचारीत नाही.

हे शेवटचे वाक्य आपल्या लोकांना का लागते, ते सांगायला हवे काय? १९०१ साली साताऱ्याहून बाल भीमराव घरातल्या इतर मुलांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. गाडीतून ते मसूर स्टेशनवर उतरले. हे मसूर आजही त्याच पुणे–मिरज मार्गावर आहे. मुलांचे कपडे पाहून स्टेशन मास्तर आधी आपुलकीने बोलला. जात कळताच त्याचा चेहरा पालटला आणि तो मागे सरला. गाडीवान दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. अखेर एकजण कबूल झाला तो या अटीवर, की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बरोबर चालणार. वाटेत रात्रभर पाणी मिळाले नाही. रेल्वेच्या डब्यात ही मुले साऱ्यांसारखीच प्रवासी होती. फलाटावर उतरताच ती अस्पृश्य झाली.

म्हणून आपल्या माणसाला वाटेल, की बुद्धाच्या देशात तरी असे कधी झाले नसेल. इथेच आमचे ते पुढचे स्टेशन येते.

नाऱ्याहून परतीच्या दिवशी जे.आर.च्या स्टेशनवर जावे आणि ओजीकडे जाणारी गाडी धरावी. बारा मिनिटांवर होर्युजी स्टेशन लागते. वेळ असेल तर तिथे उतरावे. होर्युजी विहारातील लाकडी इमारती या जगात उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती मानतात. त्याच्या मुख्य मंदिरातील भित्तिचित्रांची तुलना आपल्या अजिंठ्याच्या चित्रांशी केली जाई. २६ जानेवारी १९४९ रोजी ती आगीत होरपळली. त्या धक्क्याने जपानने १९५० साली सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला. आपला अजिंठा जळगाव स्टेशनपासून साठेक किलोमीटरवर आहे. मुलांना तो आपण दाखविला आहे काय, हेही या निमित्ताने स्वतःला विचारावे.

होर्युजीनंतर ओजी येते. तिथे गाडी बदलून वाकायामा मार्गाची गाडी घ्यावी. काही गाड्या ताकादा येथेही बदलाव्या लागतात. ताकादा, गोसे आणि मग वाकिगामी. स्टेशन लहान, गाड्या कमी, म्हणून परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी. येथून पायी जाण्याच्या अंतरावर, गोसे शहराच्या हद्दीत, सुइहेइशा संग्रहालय आहे. ते १९९८ साली उघडले. सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा.

सुइहेइशा म्हणजे काय? जपानमध्येही अस्पृश्य मानलेला एक समाज होता आणि त्याचे वंशज आज 'बुराकुमिन' या नावाने ओळखले जातात. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, खाटीककाम, गुन्हेगारांना फाशी देणे ही कामे त्यांच्या वाट्याला. विटाळाच्या कल्पनेला प्राणिहत्या पाप आहे या शिकवणुकीची जोड मिळाली. मेलेल्या जनावराच्या कातड्याचे जोडे साऱ्यांनी घालायचे आणि कातडे कमावणाऱ्याला गावाबाहेर ठेवायचे! वाचकहो, हे वेगळे समजावून सांगायला नकोच.

१८७१ साली सरकारने हुकूम काढून हा भेद कायद्याने रद्द केला, पण मनातला गेला नाही. बौद्ध विहारांनीही या लोकांना वेगळे वागविले. माणूस मेल्यावर विहाराकडून त्याला धम्मनाम देण्याची तिकडे रीत आहे. या समाजातील मृतांना हीनतादर्शक अक्षरे असलेली नावे दिली गेली आणि ती थडग्याच्या दगडांवर कोरली गेली. मेल्यानंतरही जात सुटली नाही. पुढे अनेक पंथांनी याबद्दल माफी मागितली आणि ती नावे बदलली, पण तोवर विसाव्या शतकाची अखेर आली होती.

याच गोसे परिसरातील तरुणांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ३ मार्च १९२२ रोजी क्योतोच्या सभागृहात देशभरच्या आपल्या बांधवांची परिषद भरविली आणि सुइहेइशा स्थापन केली. 'सुइहेइ' म्हणजे पाण्याच्या पातळीसारखे समतल. परिषदेचा जाहीरनामा साइको मानकिची याने लिहिला. तो स्वतः या वस्तीतील विहाराच्या पुरोहिताचा मुलगा होता. जाहीरनाम्याचा आशय असा, की आम्हाला दया नको, आमची सुटका आम्हीच करणार. त्यानंतर पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तिकडे पाण्याची पातळी हे समतेचे नाव झाले आणि इकडे पाण्याचा घोट हा समतेचा हक्क झाला.

या चळवळीची आणि कोरियातील अशाच चळवळीची कागदपत्रे २०१६ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक स्मृतिनोंदीत घेतली गेली. पण लढा संपलेला नाही. १९७५ साली उघडकीस आले, की बुराकु वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात आहेत. नोकरी देताना आणि सोयरीक जुळविताना माणसाचे मूळ शोधायला त्या वापरल्या गेल्या. आपल्याकडे आडनाव विचारतात, तिकडे गाव पाहतात. २०१६ साली जपानला हा भेदभाव दूर करण्यासाठी पुन्हा कायदा करावा लागला.

म्हणून आमचे म्हणणे, नाऱ्याची गाडी वाकिगामीपर्यंत न्यावी. तोदाइजीच्या मूर्तीपुढे हात जोडताना अभिमानाने ऊर भरून यावा, यात गैर काहीच नाही. बोधिसेन आपल्या देशातून गेले होते. पण त्या मूर्तीच्या छायेत हजार वर्षे राहूनही एका समाजाला माणूसपण मिळाले नाही, हेही डोळे उघडे ठेवून पाहावे. मूर्ती उभी राहिली म्हणून समता येत नाही. ज्यांना ती नाकारली गेली, ते उभे राहतात तेव्हा ती येऊ लागते. आपल्या गावात विहार बांधताना, पोटजातींत सोयरीक जुळविताना आणि सफाईच्या कामावर असलेल्या शेजाऱ्याला पंगतीला बसविताना हा धडा आपल्यालाही लागू आहे.

आणि जाणाऱ्याने एक तयारी घरूनच करावी. मसूरचा तो प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर ए व्हिसा' या आठवणींत लिहिला आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली त्या पुस्तिकेच्या रूपात काढल्या. पुस्तिका लहान आहे, एका संध्याकाळी वाचून होते. व्हिसाचा अर्ज भरला की ती आईवडिलांना, आजीला मोठ्याने वाचून दाखवावी. मग बॅग भरावी.

जयभीम.