टिटवीचा कैवार कोण घेणार?

मार्च उजाडला की टिटवीचा विणीचा काळ सुरू होतो आणि तो ऑगस्टपर्यंत चालतो. ती उघड्या जमिनीवरील उथळ खळग्यात बहुधा चार अंडी घालते. रातव्याची अंडी पाचोळ्यावरच असतात. लांडोरही पावसाळ्यात झुडपाच्या आडोशाला जमिनीवरच अंडी उबविते. नेमक्या याच महिन्यांत गोव्यात रस्त्यांच्या कडा, सडे आणि बागायती साफ करण्याची घाई उडते. धोका दिसताच टिटवीचे पिलू पळत नाही, दबून बसते. कोल्ह्याला चकविणारी ही युक्ती गवत कापणाऱ्या यंत्रापुढे त्याचा घात करते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी नष्ट करणे हीदेखील शिकारच मानली आहे. वीजतारांजवळच्या फांद्या आणि वळणावरील झुडपे पावसाळ्यापूर्वी तोडणे भाग आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्यासाठी सारे माळ खरडण्याचे कारण नाही. ते काम फेब्रुवारीअखेर उरकावे अथवा सप्टेंबर उलटेपर्यंत थांबवावे. निकड असेल तेथे आधी पायी फिरून पाहावे. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर तेवढा तुकडा सोडावा. अंडी फुटण्यास २८ ते ३० दिवसच लागतात. पंचायतींनी ठेक्याच्या अटींतच हे घालावे.

पंचतंत्रातील टिटवीची समुद्राने नेलेली अंडी गरुडाच्या रदबदलीने विष्णूने परत मिळवून दिली. आजच्या टिटवीला पंचायतीच्या ठरावाचाच काय तो आधार आहे.