गल्ला भरला, नफा किती?

बारावीनंतर मुलगा कॉलेज सोडून अब्बांच्या धंद्यात उतरतो, तेव्हा घरात बहुधा एकच कारण ऐकू येतं: गल्ला चांगला आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. पदवीच्या चार वर्षांत मला गणित भरपूर शिकवलं, दुकानाचा हिशेब कुणी शिकवला नाही. तुम्हालाही शिकवतील असं दिसत नाही, म्हणून हा लेख.

समजा, फळांच्या गाडीवर दिवसभरात ५,००० रुपयांची विक्री झाली. ही उलाढाल. माल ३,८०० चा (त्यातला थोडा सडला, पण पैसे पूर्ण मोजले), टेम्पो आणि पिशव्या २००. उरले १,०००. यालाच आपण नफा म्हणतो. पण बापलेक दोघं दिवसभर उभे होते, त्यांची मजुरी कुठे धरली? दुसरीकडे प्रत्येकी ५०० मिळाले असते, तर धंद्याचा नफा शून्य! हातातून गेलेल्या या कमाईला अर्थशास्त्रात संधी खर्च म्हणतात. गाळा स्वतःचा असेल तर त्याचं न मिळालेलं भाडंही त्यातच येतं.

प्राप्तिकर कायदासुद्धा गल्ल्याला नफा मानत नाही. छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या योजनेत रोख विक्रीच्या किमान ८ टक्के आणि बँक किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या ६ टक्के एवढाच नफा धरला जातो.

धंदा जरूर करा. मला तर नोकरीपेक्षा तो जास्त हिमतीचा वाटतो. फक्त कॉलेज सोडण्याआधी घरच्यांसोबत तीन महिन्यांचा हिशेब मांडा. त्यात तुमच्या पगाराचा एक रकाना ठेवा. अब्बा म्हणतील, "घरच्या पोराला कसला पगार?" रकाना तरीही भरा.