पारडीपुढची नाग नदी

जंत म्हटलं की आपल्या घरात पहिलं बोट पोराकडे वळतं. गूळ फार खातो, माती खातो, रात्री दात खातो. आजी वावडिंग द्यायची, कुणी पळसाच्या बिया. आता १० फेब्रुवारीला शाळेत अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला देतात. २०१५ पासून हा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि तो चांगलाच आहे. पण गोळीची धाव पोटातले जंत मारण्यापुरती. मूल पुन्हा त्याच चिखलात अनवाणी उतरलं की काही महिन्यांत मागचेच दिवस पुढे.

हे नागपूरला बाहेरून कुणी येऊन सांगायला नको. सीताबर्डीच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर नीरी आहे. १९५८ साली ती केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून सुरू झाली. आजचं नाव १९७४ चं. त्याच्या आदल्याच वर्षी तिथल्या संशोधकांनी सांडपाण्यावरच्या शेतांत राबणाऱ्या मजुरांची तपासणी मांडली होती. साध्या पाण्यावर शेती करणाऱ्यांपेक्षा या मजुरांत अंकुशकृमी आणि गोल जंत, दोन्ही कितीतरी जास्त निघाले. हिलेल शुवाल आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली जागतिक बँकेसाठी सांडपाण्याच्या शेतीवर अहवाल लिहिला, तेव्हा हा पुरावा त्यांच्या कामी आला. पुढे १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निकष घातला: शेतीला द्यायच्या सांडपाण्यात लिटरमागे कृमीचं सरासरी एकापेक्षा जास्त अंडं नको. नागपुरात निघालेलं ज्ञान जगभर फिरलं. शहराच्या पूर्वेच्या पारडीपलीकडे मात्र पोचलं नाही.

अंबाझरीकडून येणारी नाग नदी सीताबर्डी-धंतोलीच्या कडेने पूर्वेला पारडीकडे जाते, पुढे पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला. शहराचं काही मैलापाणी भांडेवाडीत शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातं. नदीत सुटणारं पाणी खालच्या गावांच्या वाट्याला येतं. उन्हाळ्यातही नदी आटत नाही, म्हणून शेतकरी मोटार लावून ते वावरात घेतात. त्यांना दोष कसा द्यायचा? पाणी फुकट आहे, खताचं आहे आणि बाराही महिने आहे.

आता भातपट्ट्यातली रोवणी पाहा. बाई सकाळपासून बांधीत वाकलेली, पोटऱ्यांपर्यंत चिखल, बोटांच्या बेचक्यांत गाळ. अंकुशकृमीची अळी नेमकी तिथूनच, धडधाकट कातडीतून, आत शिरते; फुप्फुसांवाटे आतड्यात पोचते आणि रक्त पिऊ लागते. शिरताना खाज सुटते, पण ती चिखल्यांच्या खाजेत खपून जाते. पुढे दम लागतो, डोळे पांढरे पडतात, तेव्हा आपण लोहाच्या गोळ्या देतो. गोल जंताची तऱ्हा वेगळी. त्याची एक मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते आणि ती मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. क्लोरिनला ती भीक घालत नाहीत. त्यांच्यावर खरा उपाय म्हणजे पाणी तळ्यात आठ-दहा दिवस निवांत ठेवून अंडी बुडाशी बसू देणं. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाचं फुगवट्याचं पाणी आता आंभोऱ्यापर्यंत तुंबतं. संथ पाणी म्हणजे गाळाबरोबर अंडीही बसायची जागा. पण या तळ्याकाठी माणसं राहतात, मासेमारी करतात, पोरं पोहतात.

अमेरिकेच्या दक्षिणेत १९०९ साली रॉकफेलर आयोगाने अंकुशकृमीविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा औषध खेडोपाडी पोचलं. पण ज्या घरांना संडास नव्हते, तिथे जंत परत आले. आपल्याकडे गाडगेबाबा खराटा घेऊन गावं झाडत फिरले ते त्याच काळात सुरू झालेलं काम. गावाच्या घाणीचा दोष गावाला देता येत होता, तेव्हाचं. खालच्या गावांत आज घरोघरी शौचालय झालं, तरी वरून शहराचं मैलापाणी येणारच आहे.

नाग नदीच्या पुनरुज्जीवनाच्या जवळपास १,९०० कोटींच्या आराखड्याला केंद्राची मंजुरी मिळाली आहे. त्यात वाहिन्या आहेत, प्रकल्प आहेत. पण शुद्धीकरण केंद्रातून सुटणाऱ्या पाण्याचे आपले निकष प्राणवायूची मागणी, तरंगते कण आणि विष्ठेतले जिवाणू मोजतात. कृमीची अंडी मोजत नाहीत. अंडी मोजायला फार काही लागत नाही: सूक्ष्मदर्शक, सेंट्रिफ्यूज आणि शिकवलेला एक माणूस. पारडी आणि आंभोरा इथे दर महिन्याला ही मोजणी व्हावी, तिचा खर्च महापालिकेने उचलावा आणि आकडे खालच्या कुही-पवनी तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर लागावेत.