झेंड्यावरचा सूर्य कुणाचा?

क्विझच्या तयारीसाठी अमेरिकेच्या राज्यांचे झेंडे पाठ करायला बसले आणि खरं सांगायचं तर दहा मिनिटांत कंटाळले. निळं कापड आणि मधोमध राज्याची मुद्रा, असे झेंडे एकापाठोपाठ एक! मग न्यू मेक्सिकोचा झेंडा आला आणि नजर थांबली. पिवळ्याधमक कापडावर लाल सूर्य, मधे वर्तुळ, चार दिशांना चार-चार किरण. ना अक्षर, ना मुद्रा. २००१ मध्ये झेंड्यांच्या अभ्यासकांनी घेतलेल्या पाहणीत अमेरिका-कॅनडाकडच्या ७२ झेंड्यांत हाच पहिला आला. पण त्या सूर्याची गोष्ट वाचली आणि माझं कौतुक थोडं अडखळलं.

आधी राज्याची ओळख. न्यू मेक्सिको म्हणजे मेक्सिको देश नव्हे. १९१२ मध्ये हे अमेरिकेचं ४७ वं राज्य झालं. आकाराने आपल्या महाराष्ट्रापेक्षा किंचित मोठं, पण २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २१ लाखांच्या आसपास. उत्तरेला रॉकी पर्वत, दक्षिणेला जिप्समच्या पांढऱ्याशुभ्र वाळूच्या टेकड्या आणि मधून उत्तर-दक्षिण वाहणारी रिओ ग्रांदे नदी. राजधानी सांता फे समुद्रसपाटीपासून २१०० मीटरहून उंचावर आहे. अमेरिकेतली कुठलीच राज्य-राजधानी इतकी उंच नाही.

राज्याची अधिकृत चिन्हंही मजेशीर. पक्षी रोडरनर, उडण्यापेक्षा पळणारा. फूल युक्काचं, झाड पिन्यॉन पाइनचं. भाज्या दोन: मिरची आणि पिंटो घेवडा. शिवाय या राज्याला एक अधिकृत प्रश्नसुद्धा आहे, “लाल की हिरवी?” म्हणजे जेवणावर कुठल्या मिरचीचा रस्सा हवा? मिरची अमेरिका खंडातूनच पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली आणि आपल्या स्वयंपाकघरात शिरली, त्यामुळे हा प्रश्न मला मुळीच परका वाटला नाही.

आता सूर्य. १९२० च्या दशकात नव्या झेंड्यासाठी स्पर्धा झाली. हॅरी मेरा नावाच्या डॉक्टरांचं चित्र निवडलं गेलं. ते पुरातत्त्वाचेही अभ्यासक होते. लाल-पिवळा रंग त्यांनी स्पेनच्या जुन्या निशाणावरून घेतला आणि सूर्य घेतला झिया या आदिवासी गावच्या एका मडक्यावरून. ते मडकं सांता फेच्या संग्रहालयात होतं. झिया लोकांसाठी चार हा आकडा पवित्र: चार दिशा, चार ऋतू, दिवसाचे चार प्रहर, आयुष्याच्या चार अवस्था. १९२५ मध्ये झेंडा मंजूर झाला. झियांना कुणी विचारलं नाही. मडकं घडवणाऱ्या हातांचं नावही नोंदलेलं नाही.

राज्याच्या झेंड्याला वंदन करताना जी प्रतिज्ञा म्हणतात, तिच्यात हा सूर्य संस्कृतींच्या मैत्रीचं प्रतीक म्हटला जातो. आणि त्याच राज्यात वस्तीवरच्या आदिवासींना मतदानाचा हक्क मिळाला १९४८ मध्ये, तोही मिगेल त्रुहिओ या शिक्षकाने कोर्टात लढून मिळवला. म्हणजे तेवीस वर्षं झियांचा सूर्य सरकारी इमारतीवर फडकत होता आणि झिया माणूस मतपेटीपर्यंत पोचू शकत नव्हता. ही कसली मैत्री?

कुणी म्हणेल, चिन्हं तर प्रवास करतातच. मिरचीने कुठे परवानगी मागितली? झेंड्यामुळेच तर झियांचं नाव आपल्यापर्यंत आलं! मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण मिरची खायची वस्तू आहे, तो सूर्य त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे. दोन्ही एका तराजूत तोलता येणार नाहीत. आज तो नंबरप्लेटवर आहे, टी-शर्टवर आहे, कपांवर आहे. १९९० च्या दशकात झियांनी राज्याकडे भरपाई मागितली, ती मिळाली नाही. काही कंपन्या मात्र आता त्यांची परवानगी घेतात आणि मुलांच्या शिष्यवृत्तीला देणगी देतात. म्हणजे विचारणं अशक्य नाही. फक्त विचारायचं मनात यायला हवं.

मला विचाराल तर झेंडा उतरवायची काहीच गरज नाही. पण शाळेत तो शिकवताना झियांचं नाव आणि १९४८ हे साल, दोन्ही शिकवलं पाहिजे.

आणि आपण? गेल्या फेस्टच्या पोस्टरवर वारली नाचाचं चित्र होतं. नेटवरून उतरवलेलं. ते मीच शोधलं होतं. चित्र कुणी काढलं, तारप्याभोवतीचा तो नाच कधी नाचतात, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं, आणि विचारावंसंही वाटलं नाही. छान दिसतंय ना, मग झालं! मेरांनाही तो सूर्य छानच दिसला असणार.

यंदाचं पोस्टर करताना एवढं तरी करूया: चित्र कुणाचं ते शोधूया, शक्य असेल तर विचारूया आणि खाली नाव छापूया. जागा फार लागत नाही, एका ओळीची तर गोष्ट आहे.